अकरावा लिफाफा

ओहोटीच्या वेळा आम्ही प्रयोगशाळेच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीने लिहून ठेवायचो,
कारण जैनबबी मिरकर त्या हिशोबाने यायच्या:
भाट्याच्या खाडीतून, डोक्यावर शिंपल्यांचं गोणतं,
कमरेला कोयती,
घोट्यांवर सुकून पांढरा पडलेला चिखल.
कालवं बाजाराला, शिंपले आम्हाला.
किलोला बारा रुपये. पावतीवर अंगठा.

नऊशे अंशांवर शिंपला सगळं विसरतो.
रंग जातो, वास जातो,
भरतीने वर्षानुवर्षं मारलेल्या रेघा जातात.
जैनबबींनी भट्टीबाहेरच्या ताटलीत डोकावलं.
"चुनाच की ह्यो. आमच्या मशिदीच्या भिंती ह्येच्याच."
मी म्हटलं, पुढे आम्ही त्यात फॉस्फरस घालतो,
मग हाडासारखं काहीतरी होतं.
"हाडासारखं," त्या म्हणाल्या,
आणि पानाची घडी गालात सरकवली.

खडीसाखरेच्या खड्याएवढी वडी.
आत भोकं, रक्ताला वाट सापडेल इतकी,
जास्त नाहीत, नाहीतर चिरडते.
तीन वर्षं मी त्या वड्या दाबयंत्राखाली फोडल्या.
फुटताना कुरमुऱ्यासारख्या वाजायच्या.
किती भाराला फुटली, ते वहीत.
वही भरली की दुसरी वही.

मार्चातल्या अमावास्येला पाणी फार लांब गेलं
आणि जैनबबी त्याच्या मागे.
शेवाळावर पाय. गुडघ्याखालचं हाड आत दबलं,
डॉक्टर नाचणकरांनी वर उचललं तर खाली पोकळी,
बोराएवढी.
चाळीस रुग्णांचा अभ्यास होता, त्या अकराव्या.
संमतीपत्र त्यांच्या सुनेने दोनदा मोठ्याने वाचलं.
"चिठ्ठी टाकून भरनार?" त्यांनी विचारलं.
हो. आमची वडी किंवा कंपनीचं परदेशी पाकीट.
लिफाफा आत फुटला तेव्हा
मी जिल्हा रुग्णालयासमोर चहा ढवळत होते.
मला कळायचं नव्हतं, त्यांनाही नाही.

पण त्यांना कळलेलंच होतं.
सगळ्या मिरकरवाड्याला त्यांनी सांगून टाकलं:
माझ्या पायात माझीच कालवं.
भरती लागली की पाय आधी सांगतो.
जाळी विणणारे त्यांना वेळ विचारायला लागले,
थोडं गमतीने, थोडं खरंच.
नाचणकरांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं:
भरतीच्या वेळी ठणका. संबंध अनिश्चित.

दोन वर्षांनी यादी उघडली.
आमच्या वीस वड्यांपैकी चार घाईने विरघळल्या,
हाड येण्याआधीच;
त्या चार एक्स-रेंमधली काळी जागा
मी अजून बघते, कारण नसताना.
आणि अकरा नंबरसमोर कंपनीचं नाव.

सांगणं भाग होतं, नियमही होता.
नियम नसता तर सांगितलं असतं का, माहीत नाही.
जैनबबी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसल्या,
बराच वेळ गुडघा चोळत.
"मंग त्ये पाकीट अजून हाय आत?"
नाही. ते विरघळलं. हाडाने जागा घेतली.
आता तिथे सगळं तुमचं.
"म्हंजे माजं हाड."
हो.
"आनि माजं हाड कशाचं गो?
साठ वर्सं काय खाल्लं मी?"

तपासणीच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.
मी गोणतं काट्यावर ठेवलं.
काटा थरथरला, मग थांबला.
"बारानं परवडत न्हाय आता. पंधरा लिव."
मी पंधरा लिहिलं.
खाली खाडीत पाणी चढायला लागलं होतं,
आणि त्या उठल्या
त्याच पायावर जरा जास्तच भार देऊन,
मला दिसावं म्हणून.